उजव्या मुठीचं पिस्तूल

वेगळं राहण्याबद्दल माझी बायको पहिल्यांदा बोलली ती गाडीत. ब्युमॉन्टला एका प्रयोगशाळेत ती काम करते. तिची गाडी दुरुस्तीला दिली होती म्हणून त्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो. रिंगरोडवर नेहमीसारखी रांग लागलेली. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, पण वायपर बंदही करता येत नव्हते. घराकडच्या लिक्सलिपच्या वळणाला अजून बराच वेळ होता.

"मला वाटतं, मी वेगळं राहावं," ती म्हणाली.

आवाजात भांडण नव्हतं. दूध संपलंय हे सांगावं तसं तिने ते सांगितलं.

"काय झालं?"

"काही झालं नाही. तेच तर."

"मी काय केलं?"

"तू सगळं करतोस रे. विमा तू बघतोस, तिकिटं तू काढतोस, डेंटिस्टची वेळ तू घेतोस. माझे बूटसुद्धा तू रिव्ह्यू वाचून घेतोस. मला आता माझे बूट माझे मी घ्यायचेत. चुकीचे निघाले तरी चालतील."

मी हसलो. ती हसली नाही. मग मी घाबरलो आणि म्हणालो, उन्हाळ्यापर्यंत थांब. इथे उन्हाळा म्हणजे कॅलेंडरवर असणारी गोष्ट, पण मला दुसरं काही सुचलं नाही. ती समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत होती.

"ठीक आहे. उन्हाळ्यापर्यंत," ती म्हणाली. "पण मला थांबवायला म्हणून काही करू नकोस. प्लीज."

मी हो म्हणालो. त्या क्षणापासून मी दुसरं काहीच केलं नाही.

महिनाभराने एका रविवारी जेवताना तिने सांगितलं, की आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर विकलोच्या डोंगराकडे गेली होती. तिथे नेमबाजीचा क्लब आहे. नवख्यांना बोलावून पिस्तूल चालवून बघू देतात, तसा दिवस होता. मी शनिवारी घरीच होतो, सिंकखालचा पाइप बदलत होतो. ती कुठे गेली हे मी विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे मागे लागणं होईल असं वाटलं होतं.

"कसं होतं?" मुलीने इंग्रजीत विचारलं. आमची मुलगी मेनूथला शिकते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या आयरिश सुरात इंग्रजीत येतं.

"मस्त," बायको म्हणाली. "कॉलेजात एन.सी.सी.ला रायफल चालवली होती, त्यानंतर आत्ताच. माझ्या पाचातल्या चार गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या." तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. "मला वाटतं मी शिकावं. आपलं स्वतःचं एक साधंसं पिस्तूल घ्यावं. बघू. घाई नाही."

ती 'बघू' म्हणाली होती, ते मी ऐकलंच नाही. मला वाटलं, देवाने हातात दोरी दिली.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. मी चिप बनवण्याच्या कारखान्यात काम करतो. एखादं यंत्र निवडायचं असेल तर काय करायचं ते मला येतं. आधी गरज लिहायची, मग मर्यादा, मग पर्याय. मर्यादा इथे भरपूर होत्या. या देशात मोठ्या काडतुसाचं पिस्तूल नव्याने मिळत नाही. पॉइंट टू-टूचं, म्हणजे अगदी लहान काडतुसाचं, पाचच गोळ्या बसणारं, स्पर्धेच्या कामाचं असेल तर परवाना मिळू शकतो. हवेवर चालणाऱ्या पिस्तुलालाही इथे परवाना लागतोच, त्यामुळे ते घेऊन कागदपत्रं वाचतील ही माझी कल्पना पहिल्याच संध्याकाळी बाद झाली. आणखी एक गोष्ट मला विचित्र वाटली. इथे परवाना आधी मिळत नाही. पिस्तूल आधी निवडायचं, दुकानदाराला थोडे पैसे देऊन ते बाजूला ठेवायला सांगायचं, आणि त्याच एका पिस्तुलासाठी, त्याच्यावरच्या नंबरासकट अर्ज करायचा. मिळालेला परवाना त्या माणसाचा आणि त्या पिस्तुलाचा. नवऱ्याला बायकोचं पिस्तूल चालत नाही. घरात दुसऱ्या कुणाच्या हाती त्याच्या तिजोरीची किल्ली द्यायची नाही.

खर्चाचं गणित मी तीनदा मांडलं. नवीन जर्मन किंवा इटालियन पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेर नव्हतं, पण मुलीची फी, घराचा हप्ता आणि पुण्याला आईसाठी ठेवलेली बाई हे सगळं धरून मी एक आकडा ठरवला. मग लक्षात आलं की पिस्तूल हा खर्चाचा लहान भाग आहे. भिंतीत बसवायची तिजोरी, घराला अलार्म, क्लबची वर्गणी, आवाज अडवायचे कानावरचे मफ, चष्मा, गोळ्यांचे डबे. हे सगळं त्याच आकड्यातून जायचं होतं. मी दर रात्री यादी वरून खाली बघायचो आणि प्रत्येक वेळी ज्यातून पैसे काढायचो ते पिस्तूलच असायचं. तिजोरीत काटकसर करता येत नव्हती. पोलीस येऊन बघणार होते.

कारखान्याच्या कँटीनमध्ये माझा एक नागपूरचा मित्र आहे. माझी बायकोही नागपूरची, त्यामुळे तो स्वतःला तिचा माहेरचा माणूस समजतो. त्याला मी सांगितलं तर त्याने चमचा खाली ठेवला.

"काय बे, बायकोच्या हातात पिस्तूल देऊन राहिला तू? आधी टर्म इन्शुरन्स काढ."

"थट्टा नको रे. सीरियसली बघतोय."

"मीही सीरियसली सांगून राहिलो. आमच्या नागपूरची पोरगी आहे. नेम चुकत नसतो." मग थोडा जवळ सरकून तो म्हणाला, "वहिनींना विचारलं का पण? कोणतं पाहिजे म्हणून?"

"तिला त्यातलं काय कळणार? मी सगळं बघतोय ना."

हे वाक्य मी बोललो. त्यात मला काही खटकलं नाही, आणि माझ्या मित्रालाही नाही. तो परत भात खायला लागला.

दुकान किल्डेरमध्ये, एका गावाच्या टोकाला, घोड्यांच्या सामानाच्या दुकानाच्या मागे होतं. दुकानदार साठीचा, गप्पिष्ट. त्याला शर्यतींबद्दल बोलायचं होतं आणि मला वजनाबद्दल. मी कामावरून सुटून परस्पर गेलो होतो.

"बायकोला पिस्तूल घेतोयस?" तो म्हणाला. "धाडसी माणूस आहेस."

हा विनोद मला नंतर प्रत्येकाने ऐकवला. त्या दिवशी तो अजून शिळा झाला नव्हता म्हणून मी मोठ्याने हसलो.

त्याने चार पिस्तुलं काढली. तीन माझ्या आकड्याच्या वर. चौथं जुनं होतं, ज्या कारखान्याने बनवलं तो आता बंद पडलेला. पण नळी स्वच्छ होती आणि चाप हलका, कुठेही न अडकता सुटणारा. त्याची मूठ आक्रोडाच्या लाकडाची होती. अशा पिस्तुलांची मूठ हाताच्या आकाराने कोरलेली असते. अंगठ्याला एक खळगा, तळव्याला टेकू, बोटांना खाचा. कुणीतरी कधीतरी ती कानशीने घासून आपल्या हाताला बेतली होती. किंमत बघून मला आनंद झाला. माझ्या आकड्यापेक्षा बरीच खाली होती. त्या फरकात वर्षभराच्या गोळ्या येत होत्या.

"तिला घेऊन ये," दुकानदार म्हणाला. "हातात धरून बघू दे. बुटासारखं असतं हे."

"ती कामात असते. शिवाय सरप्राइज आहे."

"उजवी आहे ना? ही मूठ उजव्या हाताची आहे."

"हो, उजवी," मी म्हणालो.

मी विचारही केला नाही. तुमची बायको कुठल्या हाताने काम करते असं कुणी विचारलं तर कोण विचार करेल, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

अर्ज मीच भरला. तिने सही केली. "कोणतं आहे?" तिने विचारलं तर मी म्हणालो, "आल्यावर बघ. तुला आवडेल." तिने खांदे उडवले आणि डबा भरायला गेली. तिजोरी बसवायला एक माणूस आला. वरच्या खोलीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, त्याने ती मागच्या काँक्रीटला घट्ट बसवली. मग एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, येऊन बघून गेला. तरुण होता. त्याने तिला विचारलं की हा छंद कसा लागला, आणि ती नागपूरच्या एन.सी.सी.बद्दल, उन्हात पालथं पडून कोपर सोलवटून घेतल्याबद्दल बोलायला लागली. मी चहा करत होतो. त्यातलं अर्धं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

परवाना वसंतात आला. पिस्तूल ताब्यात घ्यायला परवानाधारकानेच जावं लागतं, म्हणून त्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. ती वाटेत बरीच बोलली. तिने केस कापून घेतले होते, लहान. मला वाटलं, जमतंय. उन्हाळा अजून दूर आहे आणि जमतंय.

दुकानदाराने पेटी काउंटरवर ठेवली, पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि मूठ तिच्याकडे करून पुढे केलं.

तिने डावा हात पुढे केला.

मूठ तिच्या हातात बसली नाही. अंगठ्याचा खळगा चुकीच्या बाजूला होता, तळव्याचा टेकू तिच्या बोटांवर येत होता. लहान मुलाने बूट उलटे घातल्यावर दिसतं तसं ते दिसत होतं. ती क्षणभर हाताकडे बघत राहिली. दुकानदार म्हणाला, "दुसरा हात, बाई. यांनी मला उजवी सांगितलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पिस्तूल डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं. गडबड न करता, खालच्या बाजूने, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने.

"हो, उजवीच," ती इंग्रजीत म्हणाली. "ग्रँड आहे. चालेल."

हात बदलण्याची ती पद्धत मला ओळखीची होती. ती मीच शिकवली होती.

आमचं लग्न झालं त्या वर्षी पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता. नातेवाईक दाटीने बसले होते. गुरुजींनी तीर्थ द्यायला पळी उचलली आणि तिने डावा हात पुढे केला. लिहायची ती उजव्या हाताने, शाळेत तशी सवय लावली होती. बाकी तिचं सगळं डाव्याने चालायचं. तिच्या वडिलांनी तिला कधी टोकलं नव्हतं. जेवायचीसुद्धा ती डाव्यानेच आणि तिच्या घरी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मी तिला बाल्कनीत नेलं आणि म्हणालो, "डावा हात नको. आईला चालत नाही."

"अगं बाई. सॉरी," ती म्हणाली. ती तेव्हा मला घाबरायची नाही, पण माझ्या घराला घाबरायची.

आईने ते पाहिलंही नव्हतं. आई आत शिऱ्याकडे बघत होती. लाज मला वाटली होती, माझ्या काकांसमोर, चुलतभावांसमोर. मी ती आईच्या नावावर घातली, आणि आजपर्यंत तशीच ठेवली होती.

त्यानंतर जेवताना मी तिला खूण करायचो. टेबलाखाली माझा पाय तिच्या पायावर ठेवायचा. मग घास डाव्या हातातून उजव्या हातात जायचा, खालच्या बाजूने, हळूच, कुणाला दिसू नये असा. सुरुवातीला आम्ही दोघंही त्यावर हसायचो. तो आमचा खेळ होता असं मी म्हणेन, पण खेळ दोघांचा असतो. दिवाळीपर्यंत पाय ठेवायची गरज राहिली नाही. मला आठवतं, मी तिचं कौतुक केलं होतं. "बघ, जमलं की नाही?" असं म्हणालो होतो.

आणि मग मी विसरलो. हे मला सगळ्यात जास्त बोचतं. केलं ते केलं, पण केलेलं इतकं पक्कं झालं की मला आठवायचंही कारण उरलं नाही. स्वयंपाकघरात ती चाकू कुठल्या हातात धरते, हे त्या दिवसापर्यंत मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रोज समोर ती कांदा चिरत होती.

दुकानात मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याच क्षणी पेटी बंद करून परत द्यायला हवी होती. मी पैसे दिले, पावती घडी करून खिशात घातली आणि तिच्यासाठी दार उघडलं.

पुढचे किती तरी शनिवार ती रेंजवर उजव्या हाताने गोळ्या चालवत राहिली. मी बरोबर जायचो. नेमबाजांच्या मागे काचेच्या पलीकडे बघणाऱ्यांसाठी बाक असतो, तिथे बसायचो. तिची टारगेटं वाईट येत होती. काळ्या वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडे खाली, विखुरलेली. ती कागद उतरवायची, बघायची, घडी घालून कचऱ्यात टाकायची आणि पुन्हा उभी राहायची. तक्रार नाही, चिडचिड नाही. सोमवारी तिचं मनगट दुखायचं, त्याला ती आयोडेक्स लावायची. मी बाटली शोधून द्यायचो. ते करताना माझ्या तोंडाशी शब्द यायचे आणि मी विचारायचो, "चहा घेशील?"

मी गप्प का राहिलो, याचं सरळ उत्तर असं, की बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं. आणि तिचं येणं चालू होतं. शनिवारी सकाळी ती गाडीत बसत होती, माझ्या शेजारी. चुकीच्या पिस्तुलामुळे का होईना, ती माझ्याबरोबर कुठेतरी जात होती. ते मला सोडायचं नव्हतं.

शेवटी बोलली ती क्लबची एक बाई. रेंजची सुरक्षा तिच्याकडे असायची, मोठ्या आवाजाची, सगळ्यांना लाडाने 'पेट' म्हणणारी. जूनच्या सुरुवातीला एकदा सगळे कागद बदलायला गेले असताना ती बायकोला माझ्यासमोरच म्हणाली, "तू उजव्याने का मारतेस, पेट? त्या पहिल्या दिवशी तू डाव्याने मारलं होतंस. आमच्या त्या साध्या मुठीच्या पिस्तुलाने. किती सुंदर मारलंस. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं."

बायको म्हणाली, "सवय करतेय."

परत येताना गाडीत मी विचारलं, "का नाही बोललीस?"

"काय?"

"दुकानातच. माझ्या लक्षात आलं होतं. तू डाव्या हाताने घेतलंस तेव्हाच."

ती माझ्याकडे वळली. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलास? एवढे शनिवार?"

मी हो म्हणालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी काटेरी झुडपं फुललेली होती, आणि ती त्यांच्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मला वाटत होतं तू विसरलास. ते मला चाललं असतं रे. माणूस विसरतो."

"मी विसरलोच होतो. दुकानात आठवलं."

"सत्यनारायण?"

"हो."

"तुझ्या आईने मला नंतर एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू लहान असताना तुझ्या आत्याही डाव्याने जेवायच्या म्हणे. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मी तेव्हा तुला विचारणार होते, मग आईचं नाव का घेतलंस म्हणून. मग म्हटलं जाऊ दे, सवय झालीच आहे."

गाडी चालवणं मला अवघड झालं होतं. एका पेट्रोल पंपावर मी थांबवली. मला येतं तेच मी म्हणालो. "आपण हे विकू. मी डाव्या मुठीचं बघतो. या मॉडेलला डावी मूठ मिळत नाही, मी शोधली, पण दुसरी आहेत. थोडे पैसे वाढवले तर..."

"तू शोधलीस? कधी?"

"एप्रिलमध्ये."

ती हसली. खरंच हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोलला नाहीस, पण शोधलीस. तू ना..." तिने वाक्य सोडून दिलं. डोळे पुसून म्हणाली, "तुला खरं सांगू? त्या दिवशी मला तुझा राग नाही आला. माझ्या हाताचा आला. मी विचार करायच्या आत बदलला. त्या माणसाने एकदा सांगितलं आणि बदलला. आणि वर मीच म्हणाले, ग्रँड आहे. तेव्हा मला कळलं की मी उन्हाळ्यापर्यंत थांबले काय आणि नाही काय, सारखंच."

"मी दुसरं बघतो," मी परत म्हणालो.

"बघू नकोस," ती म्हणाली. "मी बघेन."

त्या संध्याकाळी मी मुलीला विचारलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बूट घालत होती. "आई डावखुरी आहे हे तुला माहीत होतं?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतोय का ते पाहायला. "बाबा. सीरियसली?" मग इंग्रजीत म्हणाली, "लेस बांधायला मला तिनेच शिकवलं. म्हणून तर माझी गाठ सगळ्यांच्या उलटी येते. शाळेत सगळे हसायचे." तिने ओढून गाठ घट्ट केली. ती गाठ मी कित्येक वर्षं बघत आलो होतो आणि 'तुला साधी लेस बांधता येत नाही' असं म्हणत आलो होतो.

"लॅबमध्येही ती सगळं डाव्यानेच करते," मुलगी दारातून म्हणाली. "मी पाहिलंय. तुम्ही कधी गेलाच नाहीत ना आत."

जुनं पिस्तूल विकायलाही तीच गेली. कायद्याने ते तिचंच होतं, मी हातही लावू शकत नव्हतो. पण तिची गाडी पुन्हा बिघडली होती, म्हणून दुकानापर्यंत मी तिला नेलं.

"मी गाडीत थांबतो," मी म्हणालो.

"थांब," ती म्हणाली.

ती बराच वेळ आत होती. काचेतून मला काउंटरचा एक तुकडा आणि तिची पाठ दिसत होती. दुकानदार एकामागून एक पेट्या उघडत होता. ती एक पिस्तूल उचलायची, डावा हात लांब करून भिंतीवरच्या कुठल्यातरी ठिपक्यावर रोखायची, डोळे मिटायची, उघडायची आणि मान हलवून खाली ठेवायची. मग दुसरं. एक तिने परत मागितलं. दुकानदार काहीतरी बोलला आणि ती मान मागे टाकून हसली. त्या बाईला मी ओळखत नव्हतो. खांदे सैल, पाय रोवलेले, हात निवांत लांब केलेला. नागपूरच्या उन्हात पालथी पडून नेम धरणारी मुलगी अशीच असणार. तिच्याशी माझं लग्न झालं होतं, आणि माझ्या घरी मी तिला फार थोडे दिवस राहू दिलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. हातात काही नव्हतं. नवा परवाना येईपर्यंत पिस्तूल दुकानातच राहणार होतं.

"मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं. जरा महाग आहे. आणि वजनाला जड. तू नसतं घेतलंस."

"चांगलं आहे?"

"मला आवडलंय." तिने पट्टा लावला. बकल बसायला दोनदा प्रयत्न करावा लागला. "अर्जावर पत्ता नवीन घराचा देणार आहे. ब्युमॉन्टजवळ एक बघितलंय, लहानसं. ऑगस्टपासून. तिजोरी तिथेच बसवावी लागेल."

मी गाडी सुरू केली नाही. विचारायच्या गोष्टी पुष्कळ होत्या आणि त्यातली एकही मला विचारता येईना. मी विचारलं, "तिथली भिंत पक्की आहे का? पार्टिशनची असेल तर बोल्ट धरत नाहीत."

"पक्की आहे. ठोकून बघितलंय मी."

"माणूस बोलावणार आहेस?"

"नाही. मीच बसवणार आहे. व्हिडिओ बघितलेत." मग ती म्हणाली, "तुझं ड्रिल देशील का? ते मोठं?"

"देतो. येऊ का मी?"

"नको," ती म्हणाली. अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने. "ड्रिल दे फक्त."

घरी आल्यावर मी शेडमध्ये गेलो. ड्रिल काढलं, पुसलं, वायर गुंडाळली. सवयीने काँक्रीटच्या बिटांचा डबाही उघडला आणि तिला लागेल तो आकार शोधायला लागलो. मग थांबलो. अख्खा डबा तसाच ड्रिलच्या पेटीत ठेवला आणि पेटी जिन्याजवळ, तिच्या पुस्तकांच्या खोक्यांशेजारी नेऊन ठेवली.